रंगांच्या डब्याला वर्गणी कशाला?

"वहिनी, शिलाई मशीन घेताय का? सांगा, एक माझ्यातर्फे. पण रंगांसाठी वर्गणी? बायकांना चित्रं काढायला?"

गेल्या महिन्यात आम्ही चौघीजणी पावतीपुस्तक घेऊन बाजारपेठेत फिरत होतो, तेव्हा एका ओळखीच्या दुकानदारांनी हा प्रश्न विचारला. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. भिशीतल्या मैत्रिणींनीही तेच विचारलं, घरी सासूबाईंनीही. म्हणून म्हटलं, एकदा नीटच उत्तर द्यावं.

घरात मारहाण आणि छळ सोसलेल्या बायकांसाठी आमचा गट कलोपचाराची कार्यशाळा घेतो. आठ शनिवार, दर वेळी दोन तास, बाराजणी. नाव जड असलं तरी काम साधं आहे. कागद, खडू, रंग, माती, कापडाचे तुकडे समोर ठेवायचे आणि प्रशिक्षित समुपदेशक बाईंच्या सोबतीनं, आत साठलेलं हातांवाटे बाहेर येऊ द्यायचं. हा चित्रकलेचा क्लास नव्हे. इथे कुणी मार्क देत नाही, की 'सगळं काळंच का रंगवलंस?' असं खोदून विचारत नाही.

मग बोलून का नाही मोकळं व्हायचं? मैत्रिणींनो, बोलणं इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्के जणींनी ना कुठे मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. 'जिन्यावरून पडले', 'दार लागलं' असं सांगण्यात वर्षं जातात. जी धीर करून बोलते तिला माहेरी, दवाखान्यात, पोलीस ठाण्यात, कोर्टात सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. कधी मारलं, कशानं मारलं, कोण होतं बघायला? हे विचारणं गरजेचं आहे, मान्य. पण त्या प्रश्नांत तिच्या भीतीला, शरमेला, रागाला जागा नसते. ती जागा द्यायचं काम रंग करतात.

हे खूळ परदेशातून आलंय असंही कुणी समजू नये. आपल्या आज्या-पणज्या जात्यावर बसून सासुरवास, नवऱ्याचा मार, माहेरची ओढ हे सगळं ओव्यांत घालत होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव हिंडून अशा ओव्या जमवायचं मोठं काम उभं केलं. तो साठा एक लाखाच्या वर आहे! हात कामात आणि मन ओवीत. पिठाची गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले, फार चांगलं झालं. पण पहाटेची ती मोकळं व्हायची जागाही गेली. तिच्या बदल्यात आपण काय दिलं?

शिलाई मशीनही हवंच, त्याला माझी ना नाही. पण मशीनवर मिळवलेले पैसे घरी हिसकावून घेतले जातात, त्याचं काय? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानं त्यालाही हिंसाच म्हटलंय. 'हे माझे पैसे आहेत' असं म्हणण्याइतकं बळ मनात आधी यावं लागतं.

आता हिशेब. कागद, रंग, माती यांना तीन हजार पुरतात. समुपदेशक बाई बाहेरगावाहून येतात, त्यांचं मानधन आणि प्रवास मिळून आठ वेळांचे वीस हजार. बायकांच्या येण्याजाण्याला चार हजार. मार्च २०२३ पासून एस.टी.त अर्धं तिकीट आहे हे खरं, पण वस्तीपासून स्टँडपर्यंतची रिक्षा कुठे अर्ध्यात येते? मुलं सांभाळणाऱ्या ताई आणि चहा-पोहे यांना साडेचार हजार. झाले साडेएकतीस हजार, म्हणजे एकीमागे दोन हजार सहाशेच्या आसपास.

याच ठिकाणी एखादीची करुण कहाणी सांगितली असती तर पैसे पटकन जमले असते, हे मला कळतं. 'फोटो टाका, चित्रांचं प्रदर्शन भरवा, लोक बघून देतील,' असा सल्लाही मिळतो. पण ते आम्ही करणार नाही. याच कायद्यात सुनावणी बंद खोलीत घ्यायची सोय आहे. कोर्ट तिची अब्रू जपतं आणि आपण शंभर रुपयांच्या पावतीसाठी तिचं दुःख टांगून ठेवायचं? तिचं चित्र तिचं आहे. ठेवायचं, दाखवायचं की फाडून टाकायचं, ते तीच ठरवेल. देणाऱ्यानं खर्चाचा हिशेब जरूर मागावा, चेहरा मागू नये.

एवढंच सांगते. गेल्या वर्षी पहिल्या शनिवारी निम्म्याजणी 'आम्हाला येत नाही' म्हणून खडू हातात घेईनात. आठव्या शनिवारी वेळ संपली तरी कुणी उठेना. चित्रं काढून मार थांबत नाही, याची आम्हाला जाणीव आहे. त्यासाठी संरक्षण अधिकारी, 'सखी' वन स्टॉप सेंटर, १८१ हेल्पलाइन आहेत आणि तिथेही आम्ही सोबत जातो. पण पायरी चढायचं बळ कुठून तरी यावं लागतं ना!

तुमच्या गावातही हे करता येईल. प्रशिक्षित समुपदेशक मिळाल्याशिवाय मात्र सुरू करू नका. उघडलेली जखम बांधता आली पाहिजे. पैसे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या संस्थेच्या नावानंच जमवा, प्रत्येक रुपयाची पावती द्या. येत्या संक्रांतीला प्लॅस्टिकच्या डब्यांचं वाण वाटण्याऐवजी तेवढे पैसे एका पेटीत टाका. आणि त्या हळदीकुंकवाला सगळ्याजणींना बोलवा, विधवा, परित्यक्ता, एकट्या, सगळ्यांना. त्यांच्यात कोण काय सोसतेय ते तुम्हाला कळणारही नाही. पण गावात आपल्यासाठी एक खोली उघडी आहे, हे त्यांना कळलं तरी पुष्कळ झालं.