मेलेले कोण होते ते नाव घेऊन सांगा : शोस्ताकोविच आणि आपण

रशियन संगीतकार दिमित्री शोस्ताकोविचचं नाव काढलं की आपल्याकडे दोन प्रकारचे मित्र मला गप्प बसवायला येतात. पहिले म्हणतात, सिम्फनी हे उच्चभ्रूंचे चोचले आहेत. आपलं संगीत म्हणजे जलसा, भीमगीत, वामनदादा. दुसरे डाव्या संघटनांतून फिरून आलेले असतात. ते म्हणतात, शोस्ताकोविच हा क्रांतीचा संगीतकार, त्यात विचार करण्यासारखं काय आहे? मला या दोघांशीही भांडायचं आहे, पण पहिल्यांशी थोडक्यात.

सिम्फनी 'आपली' नाही हे नेमकं कुणी ठरवलं? बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. त्यांना कुणी विचारलं नाही की हे वाद्य कोणत्या वस्तीतलं. बूर्द्यू नावाचा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो : अमुक संगीत कळणं हीच वरच्या वर्गाची ओळख होऊन बसते, मग खालचे स्वतःहूनच त्या दारापासून लांब राहतात. दाराशी पहारेकरी ठेवायचीही गरज उरत नाही. आपण 'ते आपलं नाही' म्हणतो तेव्हा तो पहारा आपणच देत असतो, तोही फुकट. शतकानुशतकं ज्यांना विहिरीवर येऊ दिलं नाही, त्यांनी एखाद्या तळ्याचं पाणी न चाखताच खारट म्हणू नये. वामनदादा तर आहेतच, ते कुठे जात नाहीत.

आता ऐकायचं कसं? मोबाईलवर सगळं फुकट मिळतं. सुरुवात पंधरा सिम्फनींपासून करू नका, आठव्या स्ट्रिंग क्वार्टेटपासून करा. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. चार माणसं, वीस-बावीस मिनिटं. 1960 च्या जुलैत ड्रेस्डेनजवळच्या गोरिश गावात त्याने ती तीन दिवसांत लिहिली. पहिल्याच क्षणी चेलोवर चार सूर येतात, मग तेच सूर एकामागून एक बाकीची वाद्यं उचलतात. जर्मन स्वरनामांत त्या सुरांची अक्षरं होतात डी, एस, सी, एच. हीच त्याच्या नावाची आद्याक्षरं, जर्मन वळणाने लिहिलेली. म्हणजे हा माणूस सुरांत आपली सही करतोय, आणि एकदा नाही, संपूर्ण रचनेत पुन्हा पुन्हा करतोय. कागदावर रचना फॅसिझम आणि युद्धाच्या बळींना अर्पण आहे. मित्र इसाक ग्लिकमनला लिहिलेल्या पत्रात मात्र त्याने सांगितलं की ही आपण स्वतःच्याच स्मृतीसाठी लिहिली आहे.

एका विद्यापीठाला एक नाव मिळावं म्हणून 1978 ते 1994 अशी सोळा वर्षं ज्यांनी लढा दिला, घरं जाळून घेतली, त्यांच्या लेकरांना नावाची ताकद वेगळी समजावून सांगावी लागत नाही. एका अभ्यासिकेत मी ही क्वार्टेट लावली, चार सुरांची गोष्ट सांगितली आणि पुढे काही बोललो नाही. दुसऱ्या भागात, जिथे चारही वाद्यं एकमेकांच्या अंगावर धावून जातात, तिथे एक मुलगी म्हणाली, "सर, हा ओरडतोय." संगीतशास्त्राची पदवी यापेक्षा जास्त काय सांगणार होती?

त्याच दुसऱ्या भागात एक धून येते. ती ज्यू वळणाची आहे, 1944 च्या त्याच्या दुसऱ्या पियानो ट्रायोमधून उचललेली. शोस्ताकोविच स्वतः ज्यू नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण माझं दुसरं भांडण इथून सुरू होतं.

सोव्हिएत व्यवस्थेने त्याच्याशी कसं वागलं ते आधी पटकन सांगतो. 1936 च्या जानेवारीत स्टालिन त्याचा ऑपेरा बघायला गेला आणि दोनच दिवसांनी 'प्रावदा'ने तो ऑपेरा म्हणजे संगीत नसून गोंधळ आहे असं जाहीर केलं. त्याने आपली चौथी सिम्फनी तालमीतून मागे घेतली. ती लोकांनी ऐकली थेट 1961 च्या डिसेंबरात. 1942 मध्ये वेढ्यात उपाशी मरणाऱ्या लेनिनग्राडमध्ये त्याची सातवी सिम्फनी वाजली तेव्हा तोच माणूस राष्ट्राचा आवाज होता. त्या युद्धाचा आवाज इथेही पोचला होता, अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला तो उगाच नाही. मग 1948 मध्ये पुन्हा ठराव, पुन्हा जाहीर अपमान, शिकवण्याच्या नोकऱ्या गेल्या. त्याच वर्षी त्याने ज्यू लोककवितांवर गीतमाला लिहिली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. देशभर ज्यूंविरुद्ध वारं वाहत होतं. ती गाणी जाहीरपणे गायली गेली 1955 मध्ये, स्टालिन मेल्यानंतर.

आता तेरावी सिम्फनी.

29 आणि 30 सप्टेंबर 1941. कीव्ह शहराबाहेर बाबी यार नावाची घळ. नाझींनी दोन दिवसांत 33,771 ज्यू माणसं गोळ्या घालून मारली. हा आकडा खुद्द मारणाऱ्यांच्याच अहवालातला आहे. पुढच्या दोन वर्षांत तिथे रोमा, युद्धकैदी, युक्रेनी माणसंही मारली गेली. युद्ध संपलं, नाझी गेले. सोव्हिएत सरकारने त्या जागेचं काय केलं? विटांच्या कारखान्यांचा पातळ गाळ आणून घळ भरायला घेतली. 1961 च्या मार्चमध्ये बांध फुटला आणि तो गाळ खालच्या वस्तीवर कोसळला. सरकारी आकड्यानेच 145 माणसं गेली.

त्याच वर्षी सप्टेंबरात येवगेनी येवतुशेंको या तरुण कवीने बाबी यारवर स्मारक नाही, असं सांगणारी कविता छापली. शोस्ताकोविचने ती उचलली, त्याच कवीच्या आणखी चार कविता घेतल्या आणि एक बास गायक, पुरुषांचा कोरस आणि वाद्यवृंद यांसाठी तासाभराची सिम्फनी बांधली. सुरुवातीला खर्जातली वाद्यं आणि घंटेचा टोल. मग कोरस, बहुतेक वेळ एकाच सुरात. शाहिरामागे झीलकरी उभे असतात ना, तसा ऐका, लगेच ओळखीचा वाटेल. माझा आवडता भाग खरं तर तिसरा : दुकानात रांगेत उभ्या असलेल्या दमलेल्या बायका, ज्यांना वजनात फसवलं जातं. कुणी ओरडत नाही त्यात. रेशनच्या रांगेत उभी राहिलेली आई ज्यांनी पाहिली आहे त्यांना भाषांतराची गरज पडणार नाही.

पहिला प्रयोग 18 डिसेंबर 1962 ला मॉस्कोत ठरला. ज्याने त्याच्या आधीच्या कितीतरी सिम्फनी पहिल्यांदा वाजवल्या तो म्राविन्स्की मागे सरला. गायक गळाले, एक तर प्रयोगाच्या दिवशीच. किरील कोंद्राशिनने वाद्यवृंद हाती घेतला आणि व्हिताली ग्रोमाद्स्कीने गायलं. पण खरी गंमत पुढे आहे. सिम्फनीवर सरळ बंदी आली नाही. कवीला सांगण्यात आलं, ओळी बदल. तिथे फक्त ज्यू मेले नाहीत, रशियन आणि युक्रेनी माणसंही त्याच मातीत आहेत, हे घाल. येवतुशेंकोने ओळी बदलल्या.

आता सांगा, बदललेल्या ओळींत खोटं काय होतं? काहीच नाही. तिथे खरोखरच बाकीची माणसंही मेली होती. हीच तर युक्ती आहे. खरं बोलून खरं पुसायचं. 33,771 माणसांना दोन दिवसांत मारलं ते ती ज्यू होती म्हणून, आणि हे 'म्हणून' काढून टाकायला 'सगळेच मेले' हे वाक्य पुरेसं असतं. 1976 मध्ये शेवटी स्मारक उभं राहिलं, त्यावर मेलेल्यांची ओळख होती सोव्हिएत नागरिक आणि युद्धकैदी. ज्यू हा शब्दच नाही.

तारीख पुन्हा बघा. 29 सप्टेंबर. 2006 साली याच तारखेला भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडलं. एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांना गावाने मारलं. तारखा जुळणं हा योगायोग, त्यात मी काही गूढ शोधत नाही. दोन्हीकडे आकडे वेगळे, मारणारे वेगळे, त्यामुळे तुलना मी हत्याकांडांची करतही नाही. मी बोलतोय नंतरच्या भाषेबद्दल. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आरोपींना दोषी धरलं, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. 2010 मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीची जन्मठेप केली आणि हत्येमागे जात नाही, सूड आहे असं मानलं. खून मान्य, माणसं मेली हे मान्य. फक्त 'म्हणून' गायब.

आणि हे फक्त न्यायालयाचं नाही. डाव्या मित्रांनो, तुमच्या मोर्चात आम्ही किती वेळा ऐकलंय : जात कशाला काढता, शोषित सगळे एकच. ही भाषा तुम्ही प्रेमाने वापरता हे मला माहीत आहे. क्रेमलिनमधली माणसंही स्वतःला वर्णद्वेष्टी समजत नव्हती, उलट वर्णद्वेष आपण संपवला अशीच त्यांची खात्री होती. त्या खात्रीमुळेच 'ज्यू' हा शब्द त्यांना फूट पाडणारा वाटला. ज्या व्यवस्थेने प्रश्न कागदावर सोडवलेला असतो, तिला प्रश्नाचं नाव घेणारा माणूस गुन्हेगार वाटतो. 1956 च्या नोव्हेंबरात काठमांडूत बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स समोरासमोर ठेवले तेव्हा हुकूमशाहीच्या रस्त्यावर बोट ठेवलं होतं. त्यानंतर सहा वर्षांनी एका सिम्फनीच्या काही ओळींना हुकूमशाही इतकी घाबरली, यावरून त्या भाषणाकडे पुन्हा वळा.

मी शोस्ताकोविचची पूजा मांडत नाहीये. 1960 मध्ये तो पक्षात गेला. 1973 मध्ये साखारोवविरुद्धच्या जाहीर पत्रावर त्याचं नाव आहे. तो भित्रा होता असं म्हणणारे रशियातच पुष्कळ आहेत, आणि त्यांना गप्प करण्याचा हक्क मला नाही. आपल्याला मूर्ती नको आहेत, निदान रशियातून आयात केलेल्या तरी नकोत. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं आहे. ज्यू नसलेल्या माणसाने ज्यूंचं मरण त्यांचंच नाव घेऊन गायलं. 'आपलं सगळ्यांचं दुःख' म्हणून त्याने ते पळवलं नाही. आमच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या सवर्ण मित्रांकडून आम्ही एवढंच तर मागतो.

येत्या 29 सप्टेंबरला अभिवादन सभा घ्यालच. सभेनंतर अर्धा तास थांबा, तेराव्या सिम्फनीचा पहिला भाग लावा, साधारण पंधरा-सोळा मिनिटांचा आहे. आधी कुणीतरी कवितेचा आशय मराठीत सांगा, भाषण न करता. मुद्रणं दोन्ही तऱ्हेची मिळतात, काहींत मूळ ओळी आहेत, काहींत बदललेल्या. मूळ ओळींचं शोधून लावा. शब्द बदलायला लावले तरी त्याखालचं संगीत होतं तसंच राहिलं होतं, घंटाही त्याच जागी वाजते.

जय भीम.