मैफलीतली वीज

छायाचित्र हवे असेल तर फ्लॅश सोसलाच पाहिजे, असा समज आपल्या भोपाळच्या मराठी मंडळांतील कार्यकर्त्यांनी करून घेतला आहे. त्यावर वैतागून काही ज्येष्ठ श्रोते गायनाच्या वेळी कॅमेराच नको, असे म्हणू लागले आहेत. माझ्या मते दोन्ही पक्ष एकाच अज्ञानातून बोलतात. मंद प्रकाशात, फ्लॅशवाचून, गाणाऱ्याचे उत्तम चित्र घेता येते. किंबहुना ते तसेच घ्यावे लागते.

अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई उरतो, हे शाळेत आपण सारेच शिकलो. बाराव्या रांगेतून उडवलेला फ्लॅश मंचावर नावापुरता पोहोचतो. उजळतात ती पुढच्या रांगांतील टकले आणि अंबाडे. जवळून उडवला तर गायकाचा चेहरा पिठासारखा पांढरा, मागच्या पडद्यावर तंबोऱ्याची काळी सावली. आलापीचा भंग करून मिळवले काय, तर लग्नाच्या अल्बमात शोभेल असे चित्र! फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९५२ सालच्या आपल्या ग्रंथात फ्लॅश नाकारला, तो प्रत्यक्ष प्रकाशाचा मान राखावा म्हणून.

यासाठी मोठे भांडवल लागते, हा बहाणाच. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या साध्या झूम भिंगाचे छिद्र लांबच्या टोकाला एफ ५.६ असते, ५० मिलिमीटरचे एफ १.८ भिंग त्याच्या नऊ-दहापट प्रकाश आत घेते, आणि ते स्वस्त भिंगांपैकीच आहे. रिळाच्या काळात ४०० एएसएची कृष्णधवल फिल्म १६०० ला धरून, डेव्हलपरमध्ये अधिक वेळ ठेवून काम भागवीत. दाणा उठे, पण मुद्रा जिवंत राही. पुण्याच्या सतीश पाकणीकरांनी सवाई गंधर्व महोत्सवात टिपलेले कलावंत ज्यांनी पाहिले असतील, त्यांना अधिक सांगणे नलगे. आजचे कॅमेरे तर ३२०० आणि ६४०० आयएसओलाही कुरकुरत नाहीत.

मग अडते कुठे? गाणे न कळण्यात. विलंबित एकतालाचे एक आवर्तन सावकाश लयीत पाऊण मिनिटाहूनही अधिक चालते. मुखडा कधी उचलला जाईल आणि सम कुठे येईल हे ज्याच्या कानाला कळते, तो डोळा लावून थांबतो. समेवर गायक क्षणभर स्थिरावतो, हात हवेत राहतो, नजर तबलजीकडे वळते. त्या क्षणाला १/६० सेकंद पुरतो. तानेत तेवढाच वेळ दिला तर जबडा हलून चित्र वाया जाते. द्रुतात तबल्यावरची बोटे पुसट आली तर येऊ द्यावीत, ती हलतच होती. ज्याला सम ठाऊक नाही तो शंभर खटके उडवतो, आणि तो खटखटाटही फ्लॅशइतकाच निंद्य होय. नव्या आरसाविरहित कॅमेऱ्यांत निःशब्द शटर असते. मात्र काही एलईडी दिव्यांखाली त्याने चित्रात पट्टे उमटतात, म्हणून आधी पारखून घ्यावे. फ्लॅश मिटवूनही फोकससाठी गायकाच्या तोंडावर पडणारा केशरी दिवा बंद करता येतो, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

संयोजक म्हणतात, अनुदानाच्या अहवालाला छायाचित्रे जोडावी लागतात. शासकीय सेवेत असे अहवाल मीही पाहिले आहेत. त्यांत मारव्याच्या आलापीचा पुरावा कोणी मागितल्याचे स्मरत नाही! दीपप्रज्वलन आणि सत्कार तंबोरे जुळण्यापूर्वी उरकावेत, तेव्हा हवे तेवढे फ्लॅश उडवावेत.

आणि कॅमेराच नको म्हणणाऱ्यांनी एकदा आपल्याच मंडळांचे जुने अल्बम चाळावेत. एका मंडळाचे मी नुकतेच चाळले. शाल, श्रीफळ, हार, प्रमुख पाहुणे. गाणाऱ्याचा गातानाचा एकही चेहरा नाही. आपल्या आजोबांनी गणेशोत्सवात ज्यांना रात्र-रात्र ऐकले, त्यांचा आवाज तर गेलाच, मुद्राही राहिली नाही. ज्या शहरात १९८२ पासून भारत भवन उभे आहे, त्या शहरातील मराठी घरांनी आपल्या मैफलींची एवढीच नोंद ठेवावी?

येत्या गणेशोत्सवात गायनापूर्वी मंचावर समोरून थोडा स्थिर प्रकाश वाढवावा, गाणे जाणणारा एकच छायाचित्रकार कडेला बसवावा, आणि निमंत्रणपत्रिकेवर मोबाईलच्या सूचनेखाली ‘फ्लॅश वर्ज्य’ एवढे दोन शब्द छापावेत. कार्यकारिणीकडे तसे पत्र मी दिले आहे.