मुलांचें गाणें म्हणून वाटेल तें?

कलाकृतीची योग्यता श्रोत्याच्या वयावरून ठरवावयाची, असा एक विचित्र न्याय आमच्या सुशिक्षित समाजांत रूढ झाला आहे. नाट्यगीतांतील एखादा स्वर ढळला तर आम्ही नाक मुरडतों; परंतु रेखाचित्रांच्या चित्रपटांत, ज्यास हल्लीं सर्वत्र अ‍ॅनिमेशनपट म्हणतात त्यांत, वाटेल तसला कोलाहल चालला तरी ‘मुलांचेंच आहे’ म्हणून त्याची बोळवण करतों. या बोळवणीविरुद्ध आमची तक्रार आहे.

प्रथम या कलेची घडण पाहावी. हाडामांसाचा नट गप्प उभा राहिला तरी त्याच्या श्वासानें रंगभूमि जिवंत राहते. रेषेनें काढलेल्या माणसास श्वास नसतो. तो ध्वनीनें द्यावा लागतो. म्हणूनच अशा चित्रपटांत गाण्याचा प्रसंग असला कीं गाणें बहुधा आधीं ध्वनिमुद्रित होतें आणि चित्रकार मागाहून त्याच्या लयीवर चित्रें काढतो. एका सेकंदास २४ चित्रें पडद्यावरून सरकतात. मिनिटास १२० मात्रांची लय धरली तर दर १२ चित्रांस एक मात्रा येते, आणि नाचणाऱ्या पोपटाचें पाऊलहि तेथेंच पडावें लागतें. १९२८ सालीं डिस्नेच्या ‘स्टीमबोट विली’नें जगास भुरळ घातली ती या ताळमेळाच्या जोरावर. संगीत हा या घराचा पाया होय. आमचे लोक मात्र त्यास रंगसफेदी समजतात.

हें ज्यास पुरतें उमगलें होतें असा एक मोठा संगीतकार आमच्यांतच होऊन गेला. ‘प्रभात’च्या तालमींत वाढलेले वसंत देसाई ‘श्यामची आई’ (१९५३), ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५), ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) अशा चित्रपटांना संगीत देऊन कीर्तीच्या शिखरावर पोंचले होते. अशा माणसानें १९७४ सालीं ‘एक अनेक और एकता’ या अवघ्या कांहीं मिनिटांच्या बोधपटाचें संगीत केलें. दिग्दर्शन विजया मुळे यांचें, रेखाटनाची बाजू भीमसैन यांची. विषय पाहावा तर निव्वळ प्राथमिक शाळेंतला: एक म्हणजे काय आणि अनेक म्हणजे काय, जोडीला जाळ्यांत सांपडलेल्या पक्ष्यांची गोष्ट. एखाद्या मानी संगीतकारानें तें काम साहाय्यकाच्या गळ्यांत बांधलें असतें. देसायांनीं अशी चाल बांधली कीं सहा वर्षांच्या मुलानें एकदां ऐकून दुसऱ्यांदां गुणगुणावी, आणि तरीहि तिच्यांत पोरकटपणाचा लवलेश नसावा. पुढें नांवारूपास आलेल्या साधना सरगम यांचा बालवयांतील आवाज त्यांत आहे. दूरदर्शनवर तो बोधपट पाहिलेली पिढी आज पन्नाशी गांठत आहे, तरी ती चाल तिच्या ओठांवर आहे. मुळे आणि देसाई, दोघेंहि मराठी. बोधपट मात्र हिंदी. हें शल्य येथें नोंदवून ठेवितों.

दुसरें उदाहरण रामायणाचें. युगो साको या जपानी निर्मात्यानें राम मोहन यांच्या सहकार्यानें १९९२ सालीं पुरा केलेला रामायणपट २४ जानेवारी २०२५ रोजीं भारतांतील चित्रपटगृहांत पुन्हां झळकला. त्याचें संगीत वनराज भाटिया यांचें व इंग्रजी आवृत्तींतील गीतें वसंत देव यांचीं, आणि तीं संस्कृत! १९८८ सालच्या ‘भारत एक खोज’ मालिकेंत नासदीय सूक्त घरोघरीं पोंचविणारी जोडी ती हीच. संवाद इंग्रजी, गाणीं संस्कृत. मग मुलांना कळावें काय, असा आक्षेप आम्हीं ऐकला आहे. आक्षेपक स्वतः रामरक्षा कोणत्या वयांत शिकले, हें त्यांनीं आठवून पाहावें. बालक शब्दाचा नाद प्रथम घेतें, अर्थ मागाहून; आणि ज्या नादांत कांहीं भारदस्तपणा आहे तोच मुरत जातो. भाटियांनीं मुलांना कमी लेखलें नाहीं, हा त्यांचा अपराध असेल तर तो अधिक जणांनीं करावा.

आतां आमच्या छत्रपती संभाजीनगरांत गणेशोत्सवाच्या संध्याकाळीं गुलमंडीवरून एक फेरी मारावी. देव असो, राक्षस असो वा मोटार चालविणारा उंदीर असो, सर्वांच्या शीर्षकगीताचा ढोल एकच! नायकाच्या नांवाचा आठ वेळां घोष, मध्यें विजेच्या वाद्याची किंकाळी, पुन्हां घोष. त्यांत ना आलाप, ना विराम, ना एखादी ओळ जिची मुलानें वाट पाहावी. कोणी म्हणतील, मुलांना हेंच आवडतें. मुलांपुढें रोज हेंच वाढलें तर त्यांनीं दुसरें मागावें तरी कसें? आणि यांत मराठी शब्द शोधूं जावें तर हातीं फारसें कांहीं लागत नाहीं. २०१८ सालच्या ‘प्रभो शिवाजी राजा’सारखा एखादा अपवाद दाखवून समाधान मानणें हें भिकेच्या झोळींतील दाणे मोजण्यासारखें आहे.

वास्तविक चित्र आणि गाणें यांचा संसार आमच्याकडे जुना. वेरूळच्या कैलासांत दक्षिणेकडील भिंतीवर रामायण ओळीनें कोरलेलें आहे. डोळा पुढें सरकला कीं कथा पुढें सरकते. ज्यांस पैठणचीं चित्रें म्हणतात तीं हातांत धरून चित्रकथी वाद्याच्या साथीवर कथा गात असे. चित्र बदललें कीं प्रसंग बदले. सिंधुदुर्गांतील पिंगुळीच्या ठाकर मंडळींनीं ही कला टिकविली, आणि त्यांतील परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. त्या पैठणापासून आम्ही सुमारें ५० किलोमीटरांवर राहतों.

म्हणून आमची मागणी मोघम नाहीं. या शहरांत सरकारी कलामहाविद्यालय आहे, विद्यापीठांत नाट्यशास्त्राचा विभाग आहे, गाणारे गळेहि आहेत. नाथांचें एक भारूड घ्यावें आणि पांच मिनिटांचा मराठी अ‍ॅनिमेशनपट करावा. पांच मिनिटांस ७,२०० चित्रें लागतात. एकेक चित्र दोनदां टिपलें तर ३,६०० पुरतात. तीं काढणारीं मुलें वर्गांत बसलेलीं आहेत. पण लय ठरल्यावांचून त्यांना पहिली रेघ ओढतां येणार नाहीं. तेव्हां आमच्या संगीतकारांपैकीं चाल बांधावयास कोण पुढें येतो, तें आधीं कळवावें.