लेबल झाका, मग वास घ्या

२४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापक आर्थिक व व्यापार करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. त्यातील एक तरतूद विज्ञानाच्या वाचकांनी बहुधा नजरेआड केली असेल. स्कॉच व्हिस्कीवरील १५० टक्के आयातशुल्क आधी ७५ टक्क्यांवर आणि पुढे दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याचे त्यात ठरले आहे. त्याचे अर्थकारण अर्थतज्ज्ञांवर सोपवू. मला या बातमीत दिसतो तो मापनाचा प्रश्न. बाटल्यांसोबत शंभरपैकी ९१, ९३ असे गुण येतात आणि 'मध, संत्र्याची साल, मेण' अशी वर्णनेही येतात. या गुणांना मोजमाप म्हणावे काय? माझे मत स्पष्ट आहे: समोर कोणती बाटली आहे हे परीक्षकाला आधीच ठाऊक असेल, तर म्हणू नये.

स्कॉटलंडच्या हायलँड प्रदेशातील सिंगल माल्टचे उदाहरण घेऊ. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, केवळ माल्ट केलेल्या जवापासून, पारंपरिक पात्रांत ऊर्ध्वपातन करून बनवलेली व्हिस्की. ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपांत ती किमान तीन वर्षे मुरली पाहिजे आणि बाटलीत भरताना तिच्यातील अल्कोहोल किमान ४० टक्के असले पाहिजे. २००९च्या ब्रिटिश नियमांनी हे सारे निश्चित केले आहे. 'हायलँड' हे नावही त्या नियमांनी संरक्षित केले आहे. मात्र या प्रदेशाच्या सीमेचे मूळ चवीत नाही. १७८४च्या कायद्याने उत्तर व दक्षिण स्कॉटलंडमधील मद्यनिर्मितीवर वेगवेगळा कर बसवला आणि त्यासाठी ही रेषा आखली गेली.

त्यामुळे रेषेच्या उत्तरेला एकच एक चव सापडत नाही. टेन गावाजवळील ग्लेनमोरँजीच्या ऊर्ध्वपातनपात्रांच्या माना पाच मीटरहून उंच आहेत. जड संयुगांची वाफ वर पोहोचण्याआधीच थंड होऊन पुष्कळशी खाली परतते, म्हणून तेथील मद्य हलके, फळांच्या गंधाचे असते. ब्रोरा येथील क्लाइनलिश मेणचट स्पर्शासाठी ओळखली जाते. आर्डमोर पीटच्या धुरावर वाळवलेला माल्ट वापरते. तिन्ही हायलँडच्याच. बाटलीवरील प्रदेशाचे नाव वाचून जो चव सांगू लागतो, तो बहुधा आपली अपेक्षाच चाखत असतो.

मग नाकावर विश्वास ठेवू नये काय? उलट, नाक हे अत्यंत संवेदनशील उपकरण आहे. केळ्याचा गंध बहुधा किण्वनात तयार झालेल्या आयसोअमाइल ॲसिटेटचा असतो. व्हॅनिलाचा गंध ओकमधील लिग्निनच्या विघटनातून येतो. ओल्या खोबऱ्याची आठवण करून देतात ती ओकमधील लॅक्टोने आणि धुराची छटा येते ग्वायाकॉलसारख्या फिनॉलांमुळे. वायू-वर्णलेखन यंत्र ही संयुगे वेगळी करून त्यांचे प्रमाण देते, परंतु त्यांतील कोणते संयुग माणसाला जाणवेल आणि ती जाणीव सुखद असेल की नाही, हे यंत्र सांगत नाही. म्हणूनच प्रयोगशाळांत त्या यंत्राच्या तोंडाशी माणूस बसवून, बाहेर पडणाऱ्या प्रत्येक संयुगाचा वास नोंदवण्याची पद्धतही आहे.

व्यावसायिक मिश्रणकार बहुतांश पारख नाकानेच करतात. घोट घेण्याची त्यांना क्वचितच गरज पडते. नमुन्यात पाणी घालून ते अल्कोहोल सुमारे २० टक्क्यांवर आणतात, म्हणजे त्याचा नाकाला झोंबणारा तिखटपणा कमी होतो. पाण्याचे आणखी एक कार्य २०१७ साली स्वीडनमधील लिनेयस विद्यापीठाच्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी संगणकीय प्रतिरूपातून दाखवले. अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असेल, तर ग्वायाकॉलचे रेणू द्रवाच्या पृष्ठभागाशी राहतात. ते ५९ टक्क्यांच्या वर गेले, की इथेनॉलने वेढलेले हे रेणू द्रवाच्या आत ओढले जातात. पृष्ठभागाजवळचा रेणू नाकापर्यंत पोहोचण्याची शक्यता अधिक. पाण्याचे चार थेंब घालण्याच्या जुन्या रीतीला असा रेणूंच्या पातळीवरचा आधार मिळाला.

उपकरण उत्तम असले, तरी ते हाताळणारे मन सहज फसते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बोर्दो येथील मद्यशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन गंधहीन लाल रंग मिसळून दिली गेली. तिचा वास वर्णन करताना त्यांनी लाल वाइनची विशेषणे वापरली. स्कॉचमध्ये तर साधा कॅरमेल रंग मिसळण्यास कायद्याची मुभा आहे. गडद सोनेरी रंग पाहून जो 'दीर्घकाळ मुरलेली' असा निर्वाळा देतो, तो कदाचित रंगवलेल्या द्रवाची स्तुती करीत असतो.

वयाच्या आकड्याचीही तीच गत. स्कॉटलंडमध्ये पिंपातील मद्य वर्षाला सुमारे दोन टक्के उडून जाते, तर बेंगळुरूच्या उष्ण, कोरड्या हवेत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर जाते. तेथे लाकूड आणि मद्य यांचा व्यवहारही वेगाने घडतो. म्हणून २००४ साली ग्लासगोमध्ये प्रथम विक्रीस आलेली बेंगळुरूची अमृत किंवा गोव्यात बनणारी पॉल जॉन यांची तुलना वर्षे मोजून स्कॉचशी करणे अशास्त्रीय आहे. तुलना करायची तर पेल्यांची करावी, आणि तीही नावे झाकून.

त्यासाठी साधी, कसोटीस उतरलेली पद्धत आहे: त्रिकोण चाचणी. तीन पेले, दोनांत एकच नमुना, तिसऱ्यात वेगळा. वेगळा पेला ओळखायचा. निव्वळ अंदाजाने तीनांत एकदा उत्तर बरोबर येईलच. म्हणून बारा परीक्षकांपैकी चौघे बरोबर आले, तर काहीच सिद्ध होत नाही. किमान आठ जणांची उत्तरे बरोबर आली, तरच पाच टक्के सार्थकतेच्या पातळीवर 'फरक जाणवतो' असे म्हणता येते. ज्याला दोन पेल्यांतील फरकच ओळखता येत नाही, त्याने एकाला ९१ आणि दुसऱ्याला ९३ गुण देण्याला काय अर्थ उरतो?

यावर रसिक म्हणतील, की आस्वादात बाटलीची कथा, गावाचे नाव, सोबतीची माणसे हेही आलेच. मान्य आहे. आस्वाद वैयक्तिक असतो आणि त्याला कोणी प्रमाणपत्र मागू नये. परंतु आस्वादाला आकडा चिकटवून तो इतरांसमोर निर्णय म्हणून ठेवला, की त्याने मोजमापाचे नियम पाळले पाहिजेत. किंमत त्या आकड्यावर ठरत असेल, तर हा आग्रह ग्राहकाच्या हिताचाही आहे.

आपल्या देशात ही विद्या नवी नाही. कोलकात्यात १८६१पासून चहाचे लिलाव होत आले आहेत आणि तेथील परीक्षक घोट घेऊन थुंकतात, गिळत नाहीत. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत संवेदी विज्ञानाचे काम चालते. भारतीय मानक ब्युरोनेही अन्नाच्या संवेदी मूल्यमापनासाठी मार्गदर्शक मानके केलेली आहेत. तरीही विज्ञान शाखेच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना व्हर्नियर कॅलिपरची त्रुटी काढता येते, पण स्वतःच्या नाकाची त्रुटी कधी तपासावी लागत नाही. ही उणीव अभ्यासक्रमाची आहे.

हे शिकण्यासाठी मद्याची मुळीच आवश्यकता नाही. अल्कोहोल हे सिद्ध कर्करोगकारक आहे आणि त्याची पूर्णतः सुरक्षित अशी मात्रा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले आहे. तेव्हा व्हिस्की कपाटातच राहू द्या. दोन प्रकारच्या चहापत्ती घ्या, एकसारखे तीन कप घ्या आणि बारा मित्रांना बोलवा. कपांवर केवळ सांकेतिक क्रमांक लिहा. कोणत्या कपात काय आहे, हे चहा ओतणाऱ्याखेरीज कोणालाही कळू देऊ नका आणि उत्तरे गोळा होईपर्यंत त्याला खोलीबाहेर ठेवा. आठाचा आकडा गाठला का, ते कळवा. न गाठल्यास तेही तितक्याच प्रामाणिकपणे कळवा.