भुताला आधी बोलावलं कोणी?

ऑक्टोबर संपत आला की पालकांच्या ग्रुपवर एक वाद ठरलेला असतो. कुणीतरी शहरातल्या शाळेचे फोटो टाकतं. काळे-नारिंगी फुगे, कागदी वटवाघळं, चेहरे रंगवलेली बालवाडीची मुलं. लगेच अर्धे पालक म्हणतात, "हे हॅलोविन कशाला? आपली संस्कृती नाही का?" उरलेले म्हणतात, "मुलांना मजा येते ना, मग आपल्याकडे का नको?" दोन दिवस हे चालतं, मग कोणीतरी शिष्यवृत्ती परीक्षेची सूचना टाकतं आणि ग्रुप शांत होतो.

मला विचाराल तर दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नावर भांडतायत. भीतीचा खेळ परदेशी नाही. आपल्या गुहागर तालुक्यात तर नाहीच नाही, शिमग्याला दारात संकासुर येतो तो काय आहे मग? प्रश्न असा विचारायला हवा की, जे भीतीदायक म्हणून मांडलंय त्याला काही गोष्ट आहे का, आणि ते बनवलं कोणी.

हा प्रश्न परदेशातले थीम पार्कचे चाहते फार मनापासून विचारतात. थीम पार्क म्हणजे नुसते मोठे पाळणे नव्हेत. तिथे प्रत्येक भागाला एक विषय असतो आणि भिंतीचा रंग, दिवे, आवाज, कामगारांचे कपडे, सगळं त्या विषयाला धरून करायचं असतं. आपण गणपतीचा देखावा म्हणतो ना, तेच, पण बारा महिने चालणारं. आपल्याकडे खोपोलीजवळ इमॅजिका २०१३ साली सुरू झालं, तिथला 'सलीमगढ' हा भुताटकीचा किल्ला बऱ्याच मुलांना माहीत असतो. अमेरिकेत तर हॅलोविनच्या दिवसांत अख्खी पार्कं भुताटकीची होतात. फ्लोरिडातल्या युनिव्हर्सलने १९९१ मध्ये हे सुरू केलं, आज ते 'हॅलोविन हॉरर नाइट्स' म्हणून ओळखतात आणि तेरा वर्षांखालच्या मुलांना आणू नका असं स्वतःच सांगतात. तिकडेच डिस्नेने १९९५ पासून उलट वाट धरली. त्यांच्या पार्टीच्या नावातच 'फार भीतीदायक नसलेली' असं आहे! लहान मुलांना मिठाई, मिकीची मिरवणूक वगैरे.

या चाहत्यांचे वाद वाचले की आपल्या मंडळांची आठवण येते. सिनेमावर बेतलेली भुतांची घरं चांगली, की पार्कच्या लोकांनी स्वतः रचलेल्या गोष्टींची? गेल्या वर्षीचा धूर चांगला होता, यंदा दिवे जास्त झाले. वरवर रिकामटेकड्यांचे वाद वाटतात. पण एक वाद मला इतका आवडला की मी तो चौथीच्या वर्गात नेला.

डिस्नेच्या पार्कात 'हाँटेड मॅन्शन' नावाचा भुतांचा वाडा आहे. कॅलिफोर्नियातला १९६९ मध्ये उघडला, फ्लोरिडातला १९७१ मध्ये. छोट्या गाडीत बसून वाड्यातून फिरायचं. सुरुवातीला भूत दिसत नाही. दारं आतून कोणीतरी ढकलतंय असं वाटतं, लांबलचक बोळात एक मेणबत्त्यांचं झुंबर अधांतरी तरंगतं. पुढे एका खोलीत काचेच्या गोळ्यात एका बाईचं मुंडकं आहे, मादाम लिओटा. ती मंत्र म्हणून भुतांना बोलावते. त्यानंतर भुतं दिसायला लागतात. आधी दिवाणखान्यात नाचणारी, शेवटी स्मशानात गाणारी.

या वाड्यात हॅट ठेवायचा डबा हातात धरलेलं एक भूत होतं. कॅलिफोर्नियात सुरुवातीलाच ते नीट चालेना म्हणून काढून टाकलं, आणि २०१५ मध्ये परत बसवलं, माळ्याच्या बाजूला, म्हणजे मादाम लिओटाच्या खोलीनंतर. चाहते खूश. मग २०२३ च्या नोव्हेंबरात फ्लोरिडातही तेच भूत बसवलं, पण तिथे ते त्या लांब बोळाशेजारी ठेवलं. झालं! चाहते चिडले. का? भूत चांगलं होतं, यंत्र उत्तम चालत होतं. त्यांचं म्हणणं एवढंच की मादाम लिओटाने अजून बोलावलेलंच नाही, तर हे भूत आधीच कसं उभं?

मी वर्गात वाड्याचे पाच टप्पे फळ्यावर काढले आणि विचारलं, हे भूत कुठे ठेवाल? कोणाचं काय म्हणणं आहे ते आधी सांगितलं नाही. एक मुलगा म्हणाला, "बाई, दारातच ठेवू, पहिल्या झटक्यात घाबरतील." मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी वाचनाला उभं केलं की खाली बघते, ती म्हणाली, "अगोदर दिसला तर मग त्या बाईने बोलावलान कोणाला?" वर्ग पाच सेकंद गप्प. मग जो गलका झाला तो आवरायला मला टेबल वाजवावं लागलं. तिसरा एक म्हणाला की ते भूत घरातलंच जुनं असेल, त्याला बोलवायची गरज नाही. हेही उत्तर चांगलं आहे! पण मग त्याला ते गोष्टीत कुठेतरी दाखवावं लागेल, हे त्यालाच पटलं.

शिक्षक मित्रांनो, घटनाक्रम लावा हा स्वाध्याय आपण वर्षभर देतो. चार वाक्यं, कंसात अंक घाला. मुलं घालतात, पण क्रम बदलला तर काय बिघडतं हे त्यांना कळलेलं असतंच असं नाही. त्या दिवशी ते कळलं.

याच वाड्याची आणखी एक गंमत. बाहेरची इमारत १९६३ मध्येच उभी राहिली होती, पण आत काय करायचं ते ठरेना. मार्क डेव्हिस या कलाकाराला तो वाडा विनोदी हवा होता, क्लॉड कोट्स याला गंभीर, अंगावर काटा आणणारा. शेवटी दोघांचंही ठेवलं. म्हणून पहिला अर्धा भाग काळोखा, गूढ आणि शेवटचं स्मशान म्हणजे भुतांचं स्नेहसंमेलन.

हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो संकासुरच. वेदांची चोरी करणारा आणि विष्णूच्या हातून मरणारा हा राक्षस खाली सिंधुदुर्गात दशावतारात येतो तो काळ्या कपड्यात येतो आणि मालवणीत बोलून लोकांना पोट धरून हसवतो. आमच्याकडे खेळ्यांमध्ये तोच संकासुर म्हटला की पोरं माडाच्या मागे पळतात. तोच काळा पोशाख, डोक्यावर उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. एकच पात्र, एका जिल्ह्यात हसवतं, दुसऱ्या जिल्ह्यात पळवतं. डेव्हिस आणि कोट्स यांचं भांडण कोकणाने कधीच मिटवून टाकलेलं दिसतं.

आणि आमच्या संकासुराला कधी यायचं ते माहीत आहे, हेही बघा. तो एकदम दारात उभा राहत नाही. आधी लांबून मृदंग ऐकू येतो, मग घुंगरं. "आला रे" म्हणत पोरं अंगणातून पडवीत, पडवीतून माजघरात. मग तो दिसतो. नाच होतो, पोस्त दिली जाते, तो पुढच्या घरी जातो आणि लपलेली पोरं त्याच्याच मागून पळत सुटतात! भीतीची सुरुवात कळते, शेवट कळतो. आतला माणूस वाडीतलाच कुणाचा तरी काका असतो आणि मोठी मुलं त्याचे पाय बघून ओळखतात. सहा वर्षांच्या मुलाला झेपेल अशी भीती असते ती.

गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुर करतात, तिथेही हेच वाद. बांबू, गवत, कागद यांचा राक्षस, रात्रभर मिरवायचा आणि पहाटे कृष्णाने मारल्यावर जाळायचा. २०२४ साली नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच आली होती, म्हणजे पहाटे नरकासुर आणि रात्री हॅलोविन! आता स्पर्धा असतात, बक्षिसं असतात, नरकासुर मान हलवतो, हात उचलतो. बाजारात तयार मुखवटे मिळतात. लोक भांडतात की आवाज किती मोठा, उंची किती, आणि कृष्ण कुठे गेला? कारण कधीकधी राक्षस दुमजली आणि कृष्ण कोपऱ्यात हातभर. हा माझ्या मते थेट मादाम लिओटाचाच मुद्दा आहे. कृष्ण नसेल तर तो राक्षस पहाटे मरायचा कसा? सजावट वाढली आणि गोष्ट आटली. मुलांनी रात्र रात्र जागून, कागदाचे थर चिकटवून केलेला वाकड्या नाकाचा नरकासुर मला तयार मुखवट्याच्या देखण्या नरकासुरापेक्षा केव्हाही चालेल. पण कृष्ण हवा.

आता यात माझ्या जिवाला काय लागलंय ते सांगते. जवळच्या एका शाळेच्या कार्यक्रमात कुणीतरी ऑनलाइन मागवलेला रबरी मुखवटा घालून, दिवे घालवून, लहान मुलांच्या मध्ये उडी मारली. मोठे हसले, व्हिडिओ काढले. त्यात माझ्या ओळखीतली पहिलीतली एक मुलगी होती. ती चार दिवस शाळेत गेली नाही आणि अजून एकटी बाथरूमला जात नाही. त्या मुखवट्याला नाव नव्हतं, गोष्ट नव्हती. तो का आला, कोणी बोलावला, कधी जाणार, काहीच नाही. मूल घाबरलं की ते स्वतःला समजावतं, "हा अमुक आहे, आता असं होणार, मग तो जाणार." तिच्याकडे समजवायला काही नव्हतंच. म्हणून मी म्हणते, हॅलोविन करा की करू नका, मला फरक पडत नाही. पण दिवे घालवून उडी मारणं हा कार्यक्रम नव्हे.

आणि तसलाच रबरी मुखवटा उद्या शिमग्यात घुसायलाही वेळ लागणार नाही. यंदा आमच्याकडे काही तरुण म्हणत होते, संकासुराला नवीन लूक देऊया, बाहेरच्या सिनेमातला मुखवटा आणूया, रील चांगलं होईल. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. जुनं म्हणून पवित्र, हाही मला पटणारा युक्तिवाद नाही. टोपी-दाढी तरी पहिल्या दिवसापासून अशीच होती असं कोण सांगणार? बदला, पण मग सांगा की हा नवीन चेहऱ्याचा माणूस वेद चोरायला कशाला आला.

पालकहो, घरी करायला हे अगदी सोपं आहे. गणपतीचा देखावा, जत्रेतला भूतबंगला, सहलीतली एखादी राइड, काहीही बघून आलात की "आवडलं का?" एवढंच विचारून थांबू नका, त्याला उत्तर "हो" येतं आणि विषय संपतो. "यातली कोणती वस्तू काढली तर चालेल?" असं विचारा. मूल विचार करायला लागतं. "कोणती काढली तर गोष्टच कळणार नाही?" असं विचारलंत की वाद सुरू होतो, आणि तो जेवणं होईपर्यंत चालतो, हा माझा घरचा अनुभव.

चौथीच्या वर्गाने आता कार्यानुभवाच्या तासाला पुठ्ठ्याच्या खोक्यात स्वतःचा वाडा करायला घेतलाय. समुद्रात बुडालेल्या गलबतावरचा तांडेल रात्री घर शोधत येतो, अशी गोष्ट ठरली आहे. दीपगृह कुठे ठेवायचं यावर मात्र दोन गट पडलेत. एक गट म्हणतो सुरुवातीला, म्हणजे तांडेलाला वाट दिसेल. दुसरा म्हणतो शेवटी, कारण आधीच वाट दिसली तर तो भटकेल कशाला? सोमवारी दोन्ही गट आपापला खोका घेऊन येणार आहेत.