नल म्हणजे झीरो नव्हे!

वीकेंड आहे, म्हणून जरा भांडतो.

शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आणि ब्लू मॉरमॉन हे राज्य फुलपाखरू. फुलपाखराला हा मान २०१५ मध्ये मिळाला, आणि असं करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. छान झालं. क्विझमध्ये दोन मार्कांची सोय झाली.

आता आमच्या गंगापूरला या. इथे शेकरू नाही, बांधावरच्या कडुनिंबावर साधी खार आहे. मोसंबीच्या बागेत लाइम बटरफ्लाय आहे. वर्गीकरण काढून बघा: शेकरू आणि खार एकाच कुळातले, आणि ही दोन फुलपाखरं तर एकाच 'पॅपिलिओ' प्रजातीतली. दोघींच्या अळ्या लिंबू-मोसंबीच्या जातीच्या झाडांचीच पानं खातात. पण एकीचं पोस्टर छापतो आणि दुसरीवर फवारा मारतो!

"अरे, पण या काही धोक्यात नाहीत," असं तुम्ही म्हणाल. इथेच माझं भांडण आहे.

आययूसीएनच्या लाल यादीत शेकरू आणि खार दोघांवर 'लीस्ट कन्सर्न'चा शिक्का आहे. पण त्याच नोंदीत शेकरूंची संख्या घटतेय असंही लिहिलंय, ते कोण वाचतो? शिवाय हा शिक्का जगभरातल्या अख्ख्या जातीचा असतो, गंगापूरच्या बांधाचा नव्हे. इथली झाडं तुटली तरी यादीतलं एक अक्षर बदलणार नाही.

कीटकांची गोष्ट तर आणखी वाईट. सस्तन प्राण्यांच्या बहुतेक जाती तपासून झाल्यात. कीटकांच्या ज्ञात जाती दहा लाखांच्या आसपास, आणि तपासलेल्या त्यातल्या मूठभर. बाकीच्यांचा रकाना रिकामा. आपल्या धंद्यात नवखा पोरगाही सांगेल की नल म्हणजे झीरो नव्हे. 'माहीत नाही' याचा अर्थ 'धोका नाही' असा लावणारा कोड रिव्ह्यूत पास होईल का? मग इथे कसा होतो?

शेतकऱ्याला शहाणपण शिकवायचं नाहीये. ही अळी रोपांना खरंच त्रास देते. पण थोड्या असतील तर हाताने वेचता येतात, हेही तज्ज्ञच सांगतात.

आणि आपण? बाल्कनीत कढीपत्ता असेलच. लाइम बटरफ्लायची अळी तोही खाते. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी पानावर सापडली, तर स्प्रे खाली ठेवा. चार पानं गेली तरी आमटी अडत नाही.