गुडघा टेकायला शिकवलं, पुढे काय?

रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात आम्ही वयस्कर मंडळी घटकाभर बोलत उभी राहतो. एक तक्रार हमखास निघते : आजकालच्या मुलांना आदर म्हणून राहिला नाही. मग मोबाइल, टीव्ही, इंग्रजी शाळा, सगळ्यांना दोष देऊन होतो. मला वाटतं, मुलं आदर शिकतात. पण तो कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, हेही ती आपल्याकडे बघूनच शिकतात.

आपली मुलं चर्चमध्ये शिरताना पवित्र पाण्यात बोट बुडवून क्रूसाची खूण करतात. ख्रिस्तप्रसाद ठेवलेल्या पवित्र पेटीसमोर उजवा गुडघा टेकतात. शुभवर्तमान वाचलं जाताना कपाळ, ओठ आणि छातीवर लहान क्रूस काढतात. हे शिकवलंच पाहिजे. शरीराला वळण लागलं की मनालाही हळूहळू लागतं, हा माझा वर्गातला अनुभव. पण तेच मूल घरी येऊन भांडी घासणाऱ्या आजीच्या वयाच्या बाईंना 'ए, इकडे ये' म्हणतं. कचऱ्याची गाडी घेऊन येणाऱ्या माणसालाही नाव असतं, हे त्याच्या गावी नसतं. ही भाषा मोबाइलने शिकवलेली नाही. ती घरातली आहे.

पोप फ्रान्सिस यांनी १३ मे २०१५ रोजी कुटुंबांशी बोलताना तीन गोष्टींवर भर दिला होता : परवानगी मागणं, आभार मानणं, क्षमा मागणं. आता आपल्याकडे आईला कुणी 'आभारी आहे' म्हटलं तर ती हसेलच! पण 'आत येऊ का?', 'दमलात ना, बसा जरा', 'चुकलं माझं' ही तर आपलीच वाक्यं आहेत. निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणण्यातही समोरच्याचा मान असतो. इथे ग्वाल्हेरात मुलं बाहेर हिंदी बोलतात. रिक्षावाल्याला 'तू' म्हणायचं की 'आप', हे ती आपल्या तोंडूनच उचलतात.

दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान कसा ठेवावा, हे दाखवायला आपल्याला लांब जायला नको. तानसेन समारोहाची सुरुवात तानसेनच्या कबरीपाशी शहनाई, ढोलीबुवांची हरिकथा आणि मीलाद यांनी होते. कृष्णराव पंडितांचे वडील शंकरराव उस्ताद निसार हुसेन खाँकडे गाणं शिकले आणि खाँसाहेब पंडितांच्याच घरी राहिले. मुलांना एकदा तिथे घेऊन जा आणि हे सांगा. मग आपल्या कॅरलच्या वेळी शेजारच्या घरात परीक्षेचा अभ्यास चालू असेल, तर आवाज आपणहून कमी करायचं त्यांना सुचेल.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. आदर म्हणजे मुकाट्याने सोसणं नव्हे. आईबापांचा मान राखण्याची चौथी आज्ञा आपण मुलांकडून पाठ करून घेतो. पण एखादा हुकूम पाळणं पाप ठरेल असं मुलाच्या विवेकाला पटलं, तर त्याने तो पाळू नये, हेही आपल्या चर्चच्या धर्मशिक्षणात आहे. ते किती घरांत सांगितलं जातं? मोठ्या माणसाचं वागणं खटकलं, मग ते शिक्षक असोत, नातेवाईक असोत की धर्मगुरू, तर मुलाने घरी येऊन बेधडक सांगावं आणि आपण ते ऐकून घ्यावं. मुलांना प्रभूजवळ येऊ न देणाऱ्या शिष्यांवर प्रभू रागावला होता, हे विसरू नये. ज्याचं कुणी ऐकून घेत नाही ते मूल भीती शिकतं, आणि भीती पाठ फिरली की संपते.

आपल्या देशात लहानांनी मोठ्यांच्या पाया पडावं अशी रीत आहे, आणि ती सुंदरच आहे. पण पवित्र गुरुवारी वेदीवरचे धर्मगुरू खाली वाकून साध्या माणसांचे पाय धुतात. २०१६ पासून त्यांत स्त्रियांचाही समावेश करता येतो. त्या दिवशी मुलांना पुढच्या बाकावर बसवा. आणि दुसऱ्या दिवशी घरी कामाला येणाऱ्या बाईंना बसायला खुर्ची द्या, त्यांचा चहा आपल्याच कपात द्या. मुलं बघत असतात.

— एक निवृत्त शिक्षिका,
दर्पण कॉलनी, ग्वाल्हेर